सेक्स्टसचा तास

कोणत्याही गोष्टीबद्दल ठाम मत बनवू नये, म्हणजे मनाची तगमग थांबते, असा उपदेश हल्ली पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. त्याच्या पाठीशी नाव उभे केलेले असते प्राचीन ग्रीक संशयवाद्यांचे. आपण शिक्षक मंडळी या नावाकडे सहज ओढले जातो. १९७६ साली राज्यघटनेत मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला, त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हेही एक कर्तव्य आहे. 'शंका विचारा, कोणी सांगितले म्हणून खरे मानू नका' हे तर आपण वर्गात रोजच सांगतो. तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी शंकेचे शास्त्रच रचले, ते विज्ञानाचे पूर्वज असणार असे वाटणे स्वाभाविक आहे. नाते आहे हे खरे, पण ते चुलत घराण्याचे आहे, असे माझे मत आहे. ते का, हे तपासण्यासाठी हा लेख.

तपासणीसाठी जागा निवडली आहे माथेरानची. रायगड, ठाणे, मुंबईकडच्या बहुतेक शाळांची एक तरी सहल तेथे जाऊन आलेली असते. संशयवाद्यांच्या युक्तिवादांत वारंवार येणाऱ्या गोष्टी, म्हणजे दूरवरून वेगळे दिसणारे पदार्थ, डोंगरावर उशिरा ऐकू येणारा आवाज, क्षितिजाजवळ फसणारी नजर, या सगळ्या तेथे एका दिवसाच्या फिरण्यात भेटतात. शिवाय मत द्यायचे की राखून ठेवायचे, या प्रश्नाचा माणसांच्या अंगाला चिकटलेला एक नमुनाही तेथे आहे.

आधी या मंडळींची ओळख. पिऱ्हो हा एलिस गावचा, काळ साधारण इ. स. पूर्व ३६० ते २७०. तो अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर हिंदुस्थानच्या वायव्य सीमेपर्यंत आला होता आणि येथील वस्त्रहीन विरक्तांना भेटला होता, असे जुने चरित्रकार सांगतात. त्याने स्वतः काही लिहून ठेवले नाही. त्याच्याबद्दल एक कथा अशी की, इंद्रियांवर विश्वास नाही म्हणून तो समोर गाडी आली, कुत्रा आला, कडा आला, तरी वाट सोडत नसे आणि बरोबरचे मित्र त्याला ओढून वाचवीत. अशा माणसाला घेऊन कठडा नसलेल्या पॉइंटवर उभे राहायची कल्पना सहलीला मुले नेणाऱ्या शिक्षकाने करून पाहावी! पण त्याच्याच परंपरेतल्या एनेसिडेमसने ही कथा नाकारली; पिऱ्हो विचारात निर्णय राखून ठेवीत असे, वागण्यात बेसावध नव्हता, असे त्याचे म्हणणे. पिऱ्हो नव्वदीच्या घरात जाऊन वारला हे पाहता एनेसिडेमसचे खरे असावे.

या पंथाचे सविस्तर लिखाण आज उपलब्ध आहे ते सेक्स्टस एम्पिरिकस या वैद्याचे. तो इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला. संशयवादाची रूपरेषा सांगणारा त्याचा ग्रंथ अगदी शिस्तीने लिहिलेला आहे. तो म्हणतो, शोध घेणाऱ्यांचे तीन प्रकार असतात: सत्य सापडले असे म्हणणारे, ते सापडणे शक्यच नाही असे म्हणणारे, आणि अजून शोधत असणारे. संशयवादी हा तिसरा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'शोधक' असाच आहे. कोणत्याही प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचे युक्तिवाद समोर ठेवायचे, ते तुल्यबळ निघाले की निर्णय स्थगित करायचा आणि तसे केले की, काहीशी अनपेक्षितपणे, मनाला शांती मिळते. यासाठी तो चित्रकार अपेलिसची गोष्ट देतो. घोड्याच्या तोंडाचा फेस काही केल्या रंगवता येईना, तेव्हा वैतागून त्याने ब्रश पुसायचा स्पंज चित्रावर फेकला आणि नेमका फेसासारखा डाग उमटला. प्रयत्न सोडल्यावर साधले, हा त्याचा अर्थ.

इथपर्यंत वाचणारा प्रसन्न होतो. खटकायला लागते ते उदाहरणे तपासताना.

सेक्स्टसचे आवडते उदाहरण मनोऱ्याचे. चौकोनी मनोरा दुरून गोल दिसतो, जवळून चौकोनी. मग खरा कसा? दोन्ही दर्शनेच आहेत, एकाला झुकते माप कशाच्या जोरावर द्यायचे? माथेरानच्या एखाद्या पॉइंटवरून खालच्या वस्त्या पाहिल्या तर हा अनुभव लगेच येतो. माणसाच्या डोळ्याची वेगळेपण ओळखण्याची मर्यादा साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग आहे. साडेतीन किलोमीटरवर एक कला म्हणजे सुमारे एक मीटर. त्याहून लहान तपशील, घराचा कोपरा, खिडकीची चौकट, डोळ्याला वेगळा काढताच येत नाही. कोपरे पुसले जातात आणि मनोरा गोल होतो. म्हणजे ही दोन दर्शने एकमेकांना खोटे पाडीत नाहीत. एक मनोऱ्याबद्दल सांगते, दुसरे डोळ्याबद्दल. आठवीच्या मुलांना एक कला म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगला तास नाही.

याच्याही पुढे जाता येते. प्रबळगड आणि त्याच्या शेजारचा कलावंतिणीचा सुळका माथेरानच्या पश्चिमेकडील वेगवेगळ्या पॉइंटांवरून वेगवेगळ्या दिशांना दिसतो. संशयवादी म्हणेल, पाहा, जागा बदलली की दर्शन बदलते. अगदी बरोबर. पण दोन पॉइंटांमधले अंतर ठाऊक असेल आणि प्रत्येक ठिकाणाहून सुळक्याची दिशा किती अंशांवर आहे हे मोजले असेल, तर त्या फरकातूनच सुळक्याचे अंतर काढता येते. १८०२ साली मद्रासजवळ लॅम्टनने सुरू केलेली हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी याच तत्त्वावर उभी राहिली. दोन जागांवरून दृश्य एकसारखेच दिसले असते तर मोजणी करणाऱ्याचे कामच अडले असते. सेक्स्टस ज्या मतभेदापाशी हात टेकतो, तेथे भूमापकाचे काम सुरू होते.

खुणांबद्दलचे त्याचे प्रकरणही असेच दोन तोंडांचे आहे. धूर दिसला की अग्नी, व्रण दिसला की पूर्वी झालेली जखम, असे अनुमान तो व्यवहारात चालवून घेतो, कारण दोन्ही गोष्टी पूर्वी एकत्र पाहिलेल्या असतात. आपल्या नैयायिकांचेही हेच लाडके उदाहरण. त्यांनी धूर कोणता आणि धुके कोणते याचीही चर्चा केली आहे; आषाढात माथेरानची दरी ढगांनी भरलेली पाहिली की ती चर्चा पोकळ नव्हती हे पटते. पण जी गोष्ट कधीच दिसत नाही, तिचे अनुमान मात्र सेक्स्टसला मान्य नाही. घाम येतो म्हणजे त्वचेला अदृश्य छिद्रे असली पाहिजेत, हा तेव्हाच्या वैद्यांचा युक्तिवाद. तो स्वतः वैद्य असूनही या छिद्रांबद्दल गप्प राहायला सांगतो. सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शक आला आणि छिद्रे दिसली. अणू, जंतू, जनुक यांच्याबद्दलही 'कधीच न दिसणारे' म्हणून निर्णय राखून ठेवला असता, तर ते पाहण्याची साधने करायला कोण बसले असते? 'आज दिसत नाही' आणि 'दिसणारच नाही' यांतला फरक त्याने केला नाही, हे मला त्याच्या पद्धतीतले सर्वांत मोठे भगदाड वाटते.

आता शीर्षकातल्या तासाकडे येऊ. सेक्स्टसने फलज्योतिषाविरुद्ध एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. फलज्योतिषावर टीका शोधणाऱ्या आपल्या वाचकांना तो अत्यंत जवळचा वाटेल. त्यात तो खाल्डियन ज्योतिषी जन्मवेळ कशी टिपतात याचे वर्णन करतो. एक जण उंच टेकडीवर आकाश पाहत बसतो, दुसरा बाळंतिणीजवळ. मूल जन्मले की खालचा माणूस धातूची तबकडी वाजवतो आणि ती ऐकताच वरचा माणूस क्षितिजावर कोणती रास उगवते आहे हे नोंदतो. या तबकडीला आपल्याकडे 'तास' असाच शब्द आहे. काशाच्या त्या थाळीवर टोले देत, म्हणून कालमापालाही तास म्हणू लागलो आणि शाळेच्या वेळापत्रकातही तोच शब्द आला.

सेक्स्टस म्हणतो, तासाचा आवाज टेकडीवर पोचायला वेळ लागतो. पुरावा? डोंगरावर झाडे तोडणारे पाहा. कुऱ्हाडीचा घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो. तेवढ्या वेळात आकाश पुढे सरकलेले असते, म्हणून नोंदलेली रास जन्मवेळेची नव्हे.

युक्तिवाद सुंदर आहे. निरीक्षण अचूक आहे. पण सेक्स्टस एक गोष्ट करीत नाही: वेळ किती लागतो, हे तो सांगत नाही. ते आपण करू. टेकडी एक किलोमीटर दूर धरा. ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे आवाज पोचायला तीन सेकंद. प्रकाशाला एका सेकंदाच्या तीन लाखाव्या भागाइतका वेळ लागतो, तो सोडून द्या. आकाश सेकंदाला १५ विकला फिरते, म्हणजे तीन सेकंदांत ४५ विकला. सूर्यबिंबाच्या रुंदीच्या चाळिसाव्या भागापेक्षाही थोडे कमी. एक लग्नरास उगवायला सरासरी दोन तास लागतात. ७२०० सेकंदांत तीन सेकंद म्हणजे २४०० वा भाग. ज्योतिषी सहज म्हणेल, 'ठीक आहे, मी तीन सेकंद वजा करतो.' आणि त्याला उत्तर नाही. ज्या आक्षेपाने शत्रूचा किल्ला पडेल असे वाटले, तो आकडा लावताच फुसका निघतो.

याच ग्रंथात त्याचा दुसरा आक्षेप आहे, तो जास्त वजनदार निघतो. हवा दाट असल्यामुळे नजर वाकते आणि क्षितिजाखालची रास वर आलेली दिसू शकते, असे तो सुचवतो. आज आपण याला वातावरणातील अपवर्तन म्हणतो. क्षितिजाशी ते सुमारे ३४ कला असते, सूर्यबिंबाच्या व्यासापेक्षा जरा जास्तच. माथेरानच्या पॉर्क्युपाइन पॉइंटवर सूर्यास्त पाहायला गर्दी होते. सपाट क्षितिजाला सूर्याची खालची कड टेकलेली दिसते, त्या क्षणी अपवर्तन नसते तर बिंब पूर्णपणे क्षितिजाखाली गेलेले असते. आपल्या अक्षांशावर हा फरक सुमारे अडीच मिनिटांचा पडतो. तासाच्या तीन सेकंदांपुढे हा चाळीस-पन्नास पट मोठा. राशीचे साठ भाग करून षष्ट्यंश पाहणाऱ्याला दोन मिनिटांत एक भाग बदलतो, म्हणजे क्षितिजाकडे पाहून वेळ ठरवणाऱ्याचा पूर्ण भाग चुकला. आजचा ज्योतिषी घड्याळ आणि पंचांग वापरतो, क्षितिजाकडे पाहत नाही. त्याला हाही आक्षेप लागू नाही. सेक्स्टसने हे दोन आक्षेप जवळजवळ मांडले आहेत आणि त्यांतला कोणता लहान, कोणता मोठा हे त्याला कळायला मार्ग नव्हता, कारण मोजायचे त्याच्या मनातच नव्हते. त्याला ज्योतिष्याला गप्प करायचे होते.

मोजणारा माणूस पुढे आला आणि गंमत अशी की तो संशयवादाशी झगडूनच आला. सेक्स्टसच्या रूपरेषेचे लॅटिन भाषांतर १५६२ साली छापले गेले आणि युरोपातल्या विद्वानांची झोप उडाली. पॅरिसमधला मारँ मर्सेन हा धर्मोपदेशक गणिती त्यांपैकी एक. १६२५ साली त्याने संशयवाद्यांविरुद्ध शास्त्रांची बाजू मांडणारा जाडजूड ग्रंथ लिहिला. वस्तूचे अंतिम स्वरूप कळणार नाही असे घटकाभर मान्य करू, पण दर्शनांमधले प्रमाण तर मोजता येते ना, अशी त्याची भूमिका. याच मर्सेनने प्रतिध्वनी वापरून ध्वनीचा वेग काढला. भिंतीसमोर उभे राहून प्रतिध्वनी परत येईपर्यंत किती अक्षरे उच्चारून होतात हे मोजणे, एवढेच त्याचे साधन. त्याचे उत्तर आजच्या आकड्याच्या बरेच जवळ आहे. सेक्स्टसच्या लाकूडतोड्यांपासून मर्सेनच्या प्रतिध्वनीपर्यंत सुमारे चौदाशे वर्षे गेली. निरीक्षण तेच होते.

माथेरानच्या एको पॉइंटवर मुले नावे घेऊन ओरडतात आणि पुढे जातात. त्यांच्यापैकी दहा जणांना थांबवून घ्यावे. एकाने दोन लाकडी फळ्या आपटाव्यात आणि प्रतिध्वनी ऐकू येताच पुढची थाप द्यावी, असे तालात वीस वेळा. दुसऱ्याने वीस थापांचा एकूण वेळ घ्यावा, म्हणजे घड्याळ दाबायला लागणारा उशीर विभागला जातो. समोरच्या कड्याचे अंतर सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरून काढावे. उत्तर ३४० च्या आसपास आले नाही तर फारच उत्तम. का आले नाही यावर बोलता येते. आवाज नेमक्या कोणत्या कड्यावरून परततो? हवेचे तापमान किती? (दर अंशाला वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो.) ही शंकाच आहे, पण तिला पुढचे काम आहे.

फलज्योतिषाचे काय झाले ते महाराष्ट्रातच पाहू. २००८ साली जयंत नारळीकर यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने एक चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर बौद्धिक वाढ अपुरी राहिलेली मुले यांच्या कुंडल्या तयार करून मिसळल्या. कुंडलीवरून बुद्धी सांगता येते असे मानणाऱ्या ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या पाठवल्या आणि कोणती कोणत्या गटातली हे विचारले. २७ जणांची उत्तरे आली. नाणे उडवून सरासरी २० बरोबर यायला हवीत. ज्योतिष्यांची सरासरी १७.२५ आली, सर्वांत चांगल्या उत्तरात २४ बरोबर होती. एका संस्थेने सर्व २०० कुंडल्या घेतल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर निघाली. यात ग्रह परिणाम करू शकतात की नाही यावर एकही वाद नाही. जन्मवेळ अचूक कशी टिपणार, एकाच लढाईत मेलेल्यांच्या कुंडल्या सारख्या होत्या काय, हे सेक्स्टसचे सगळे प्रश्न बाजूला ठेवले. ज्योतिष्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत घेतले आणि मोजले. ही चाचणी एकाच दाव्याची होती, तिने सगळ्या दाव्यांचा निकाल लावला नाही, हेही सांगायला हवे. निकाल ताणू नये, एवढी शिस्त मात्र सेक्स्टसकडून जरूर घ्यावी.

तुल्यबळ या शब्दाचाही आज फार गैरवापर होतो. सेक्स्टसची अट होती की दोन्ही बाजू खरोखर समान वजनाच्या असाव्यात. आता एका पारड्यात शंभर अभ्यास आणि दुसऱ्यात एक फिरता संदेश टाकून 'दोन्ही बाजू आहेत, आपण मत देऊ नये' असे म्हटले जाते. करोनाच्या साथीत लशींबद्दल हे आपण पाहिले. १९६९ साली अमेरिकेतल्या एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर, शंका हाच आपला माल आहे, असे उघड नमूद केलेले आढळते. मशेरी लावणाऱ्या आईला समजावून सांगू पाहणाऱ्या मुलीने हे माहीत करून घेतले पाहिजे. काटा हातात न धरताच पारडी समान आहेत असे जाहीर करणाऱ्याला सेक्स्टसने संशयवादी म्हटले नसते.

राहिला जगण्याचा प्रश्न. काहीच ठरवायचे नाही तर वागायचे कसे, हा आक्षेप सेक्स्टसला ठाऊक होता. त्याचे उत्तर चौपदरी आहे: निसर्गाने दिलेली इंद्रिये आणि विचार, तहानभुकेची ओढ, देशाचे कायदे व रूढी, आणि शिकलेल्या कला. या चौघांच्या सांगण्याप्रमाणे वागावे, त्यांबद्दल मत मात्र बाळगू नये. देवपूजाही रूढीप्रमाणे करावी, देव आहे की नाही यावर ठाम बोलू नये. हा गृहस्थ आपल्या ओळखीचा आहे. 'माझा विश्वास नाही हो, घरची मंडळी म्हणतात म्हणून मुहूर्त पाहिला,' असे म्हणणारा आपल्या प्रत्येक शिक्षक-खोलीत असतो.

पण रूढीच्या हाती कारभार देण्याची किंमत किती असते, ते माथेरानमध्ये पाहावे. तेथे रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडता मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्यापाशी गाड्या थांबतात. १९०७ पासूनची नेरळची छोटी आगगाडी, घोडे, स्वतःचे पाय आणि हातरिक्षा, अशी वाहतुकीची रीत. हातरिक्षा म्हणजे माणसाने माणसाला चढावरून ओढायचे, मागून दुसऱ्याने ढकलायचे. २००३ साली केंद्र सरकारने माथेरानचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. बॅटरीवर चालणाऱ्या ई-रिक्षा आणाव्यात, अशी मागणी हातरिक्षा ओढणाऱ्यांकडूनच पुढे आली. शाळकरी मुले, वृद्ध, आजारी यांची सोय हाही मुद्दा होता. दुसऱ्या बाजूला घोडेवाल्यांच्या पोटाचा प्रश्न, आज ई-रिक्षा तर उद्या मोटारी येतील ही भीती, रस्त्यावर ठोकळे बसवले तर लाल मातीच्या वाटा जातील ही चिंता. यांतले एकही म्हणणे थापेबाज नव्हते.

संशयवाद्याला इथे आदर्श प्रसंग मिळतो. दोन्ही बाजू मांडा, तुल्यबळ ठरवा, निर्णय राखून ठेवा, शांत व्हा. पण निर्णय राखून ठेवला म्हणजे काय झाले? रूढी चालू राहिली. मत न देणाऱ्याला आपण तटस्थ आहोत असे वाटले आणि तेवढ्या वेळात चढावर रिक्षा ओढली जातच होती. शांती एकाला मिळाली, दम दुसऱ्याला लागला. सेक्स्टसच्या ग्रंथात हा दुसरा माणूस कोठेही येत नाही. ज्याच्या मनाची शांती हा ग्रंथाचा विषय, तो नेहमी रिक्षात बसणारा आहे, असे मला वाचताना राहून राहून वाटले.

प्रत्यक्षात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये काही ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. म्हणजे वाद चालू असतानाच प्रयोग केला गेला. आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने हातरिक्षा ही माणुसकीला धरून नाही, असे सांगून सहा महिन्यांत ती बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. पंजाबातल्या सायकलरिक्षा चालकांच्या बाबतीत १९८० साली दिलेल्या निकालाला पंचेचाळीस वर्षे झाली तरी माथेरानात हे चालू आहे, याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला. या निर्णयाचे दोन भाग आहेत आणि वर्गात ते वेगळे करून दाखवावेत. ई-रिक्षा चढावर चालते का, किती माणसे नेते, रस्त्याचे काय होते, हे प्रयोगाने कळते. माणसाने माणसाला ओढावे का, हे कोणत्याही घड्याळाने कळत नाही. त्याला भूमिका घ्यावी लागते. संशयवादी पहिल्या भागात मोजत नाही आणि दुसऱ्यात भूमिका घेत नाही.

इतके बोलल्यावर सेक्स्टसच्या बाजूचे एक सांगणे भाग आहे. ग्रंथाच्या अखेरीस तो म्हणतो की संशयवाद्याला माणसांबद्दल कळवळा असतो, म्हणून तो अहंमन्यतेच्या रोगावर औषध देतो. रोग जबर असेल तर जहाल युक्तिवाद, सौम्य असेल तर सौम्य. हे वैद्याचे बोलणे आहे आणि मला ते मनापासून पटते. सर्वज्ञ असल्याच्या थाटात बोलणाऱ्या पुढाऱ्याला, बुवाला आणि हो, पाठ्यपुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारला की डोळे वटारणाऱ्या शिक्षकालाही, जहाल मात्रा खुशाल द्यावी. सातवीतल्या ज्या मुलाला अजून कशाचीच खात्री नाही, त्याला तीच मात्रा दिली तर तो पुस्तक मिटून ठेवेल. त्याच्या हाती आधी फूटपट्टी द्यावी.

न्यायालयाने ठोकळ्यांचा प्रश्नही बाजूला टाकला नाही. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य वाटेवर, मातीची धूप थांबावी म्हणून, ते बसवायला मुभा दिली. आतल्या वाटांवर नाही. आता धूप खरोखर किती थांबते, हा पावसाळ्यातला प्रश्न आहे आणि तो कर्जत-नेरळच्या शाळांच्या आवाक्यातला आहे. एकाच आकाराच्या दहा पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. जुलैतल्या एकाच सरीत पाच बाटल्या ठोकळ्यांच्या वाटेच्या कडेने वाहणाऱ्या पाण्याने भराव्यात, पाच साध्या लाल वाटेच्या कडेने. शक्यतो दोन्हीकडचा चढ सारखा असावा आणि घोड्यांची वर्दळ कोठे किती होती हे लिहून ठेवावे. बाटल्या दोन दिवस न हलवता ठेवाव्यात आणि तळाशी बसलेल्या गाळाची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी. दहा आकडे येतील आणि ते एकमेकांशी जुळणार नाहीत. मग कोणत्या बाटलीवर किती विश्वास ठेवायचा, हा वाद मुलांनाच करू द्यावा.